घरं बांधणाऱ्या माणसाची फुलं

एक देठ वर येतो, शेंड्याशी वाकतो आणि त्याला घंटेसारखी फुलं खाली तोंड करून लटकतात. पानं अरुंद, लांब, गवताच्या पात्यासारखी. फुलांच्या पाकळ्यांवर जांभळ्या आणि फिक्या चौकटी आहेत, पटावर असतात तशा. आजूबाजूला काहीच नाही. टेबल नाही, फुलदाणी नाही, सावलीसुद्धा नाही. फक्त कोरा कागद, आणि खालच्या भागात एक बारीक चौकट. त्या चौकटीत फुलाचं नाव, गावाचं नाव आणि साल लिहिलं आहे : फ्रिटिलेरिया, वॉल्बर्स्विक, १९१५. चित्रकार चार्ल्स रेनी मॅकिन्टॉश. त्याचा व्यवसाय मात्र वास्तुविशारदाचा.

पाकळीवरच्या या चौकटी चित्रकारानं मनानं घातल्या असतील असं पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं. तसं नाही. फ्रिटिलेरियाच्या या जातीचं फूल खरोखरच असं असतं. इंग्लंडमध्ये वसंतात, एप्रिल-मे महिन्यांत, ओलसर कुरणांत हे फूल उमलतं. ते कंदापासून येतं, आणि वॉल्बर्स्विक ज्या सफक परगण्यात आहे तिथली काही कुरणं या फुलासाठीच ओळखली जातात. निसर्गात सरळ रेषेचा चौकोन सहसा सापडत नाही, इथे तो पाकळीवर छापून आला आहे. आता मॅकिन्टॉशच्या इमारती आठवा. त्याच्या खुर्च्यांच्या पाठीवर चौकोनी जाळी असते, दारांत चौकोनी रंगीत काचा असतात, दिव्यांना चौकोनी झरोके असतात. आयुष्यभर ज्यानं चौकोनाचा ध्यास घेतला, त्याला अनोळखी गावातल्या कुरणात चौकोनांचं फूल भेटलं. त्यानं पेन्सिल हातात घेतली नसती तरच नवल.

या चित्रांबद्दल एक गोष्ट सर्रास सांगितली जाते. मोठा वास्तुविशारद, कामं मिळेनाशी झाली, मन खचलं, मग वेळ घालवायला फुलं रंगवू लागला. ही गोष्ट ऐकायला करुण आहे, आणि तिच्यातले तपशीलही बरेचसे खरे आहेत. तिच्यातून निघणारा निष्कर्ष मात्र मला चुकीचा वाटतो. ही फुलं नीट पाहिली तर दिसतं की या माणसानं आपलं मूळ काम क्षणभरही सोडलेलं नाही. गिऱ्हाईक गेलं, जागा गेली, पैसा गेला; रचना उभी करणारी नजर होती तशीच राहिली आणि ती देठ, पान, कळीवर काम करू लागली.

मॅकिन्टॉशचा जन्म ७ जून १८६८ रोजी ग्लासगोमध्ये झाला. अकरा भावंडांतला तो चौथा. वडील पोलीस खात्यात अधिकारी होते आणि त्यांना बागेचं विलक्षण वेड. घराजवळच्या जागेत त्यांनी फुलं-भाज्या इतक्या प्रेमानं वाढवल्या होत्या की मुलं त्या बागेला स्वर्गातली बागच म्हणत. चार्ल्सच्या एका पायात दोष होता, तो थोडा लंगडत चाले. मोकळ्या हवेत भटकणं त्याच्यासाठी औषध मानलं गेलं आणि त्या भटकंतीत त्याला चित्रं काढायची सवय लागली. सोळाव्या वर्षाच्या सुमारास तो एका वास्तुविशारदाकडे उमेदवारीला लागला. दिवसा कचेरी, संध्याकाळी कलाशाळा.

पुढचा भाग प्रसिद्ध आहे, म्हणून थोडक्यात. १८८९ मध्ये तो हनीमन अँड केपी या कचेरीत आला. तिथे असताना त्यानं ग्लासगो स्कूल ऑफ आर्टची इमारत रचली. तिचा पहिला टप्पा १८९९ मध्ये आणि दुसरा १९०९ मध्ये पूर्ण झाला. (२०१४ आणि २०१८ च्या आगींनी या इमारतीची जी राखरांगोळी केली, तिची हळहळ स्थापत्यावर प्रेम करणाऱ्यांना कायम राहील.) केट क्रॅन्स्टन या बाईंच्या चहाघरांची अंतर्रचना, हेलेन्सबर्गमधलं हिल हाउस, स्कॉटलंड स्ट्रीटवरची शाळा ही सगळी कामं याच काळातली. १९०० मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्याची आणि त्याची पत्नी मार्गारेट मॅक्डोनाल्ड हिची मांडणी पाहून तिथले कलावंत भारावून गेले. घरच्या ग्लासगोत मात्र कामं आटत गेली. १९१३ च्या सुमारास त्या कचेरीतली भागीदारी संपली. दारू वाढली, प्रकृती ढासळली. १९१४ च्या उन्हाळ्यात हे दोघं नवरा-बायको विश्रांतीसाठी सफकच्या किनाऱ्यावर, ब्लाइथ नदीच्या मुखाशी असलेल्या वॉल्बर्स्विक या छोट्या गावी आले. कलाशाळेचे प्रमुख फ्रा न्यूबेरी यांचं कुटुंब सुट्टीत तिथे यायचं, त्यांच्या शेजारीच यांनी जागा घेतली. थोडे दिवस राहून परतायचं, असा बेत होता. ग्लासगोत पुन्हा संसार थाटणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झालं. इंग्लंडचा पूर्व किनारा म्हणजे जर्मनीच्या समोरचा किनारा. तिथे प्रत्येक परक्यावर नजर होती. आणि हा माणूस तर सगळ्याच बाबतींत परका. बोलणं ग्लासगोच्या ढंगाचं, गावकऱ्यांना न कळणारं. अंगावर कोट, डोक्यावर टोपी, संध्याकाळी किनाऱ्यानं एकट्यानं लांबवर फिरायची सवय. दिवसभर कुरणात बसून कागदावर काहीतरी टिपत राहायचं. कुणीतरी संशय घेतला. शिपायांनी बिऱ्हाडाची झडती घेतली तेव्हा व्हिएन्ना आणि जर्मनीतल्या कलावंतांची पत्रं सापडली. मग त्याला तो किनारा सोडून जायला सांगण्यात आलं. तो ब्रिटिश नागरिक होता, ब्रिटनमध्येच होता, तरी स्वतःच्या निष्ठेची ग्वाही द्यायची पाळी त्याच्यावर आली. मॅकिन्टॉशच्या मनाला हे फार लागलं. परमुलखात राहणाऱ्या माणसाला आपण कोण, हे पुन्हा पुन्हा सिद्ध करावं लागतं. त्यासाठी देशाची सीमा ओलांडायलाच हवी असं नाही.

याच संशयाच्या वर्षात त्यानं वॉल्बर्स्विकमध्ये तीस-चाळीस वनस्पतींची चित्रं काढली. लार्कस्पर, पेटुनिया, जास्मिन, रोझमेरी, विलोहर्ब, फ्रिटिलेरिया. जर्मनीत त्यांचं पुस्तक काढायची योजना होती असं सांगितलं जातं. युद्धानं ती वाट बंद केली.

आता या चित्रांच्या जवळ जाऊया, कारण खरी गंमत तिथे आहे. मॅकिन्टॉश आधी पेन्सिलनं रेघ काढतो. ही चित्रकाराची चाचपडणारी, मऊ, चार वेळा फिरवलेली रेघ नाही. ती एकदाच ओढलेली, सारख्या जाडीची, कुठे सुरू होते आणि कुठे संपते याबद्दल ठाम असलेली रेघ आहे. गवंड्याच्या हातात पडणारा नकाशा अशाच रेघेनं काढतात, कारण तिथे ‘साधारण इथे’ असं चालत नाही. सगळी रेघ पुरी झाली की मग जलरंगाचा पातळ हात, तोही सगळीकडे नाही. एखादी पाकळी पूर्ण रंगवलेली, तिच्या शेजारची नुसती रेघेत सोडलेली. देठ अर्ध्यावर हिरवा, पुढे पांढरा. रंग कुठे हवा हे त्यानं ठरवलेलं असतं, आणि रंग जिथे नाही तिथे तो विसरलेला नसतो.

त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे पारदर्शकता. एक पान दुसऱ्या पानामागे गेलं की सामान्य चित्रात ते दिसेनासं होतं. मॅकिन्टॉशच्या कागदावर ते मागूनही दिसत राहतं. पुढची पाकळी, तिच्यामागचा देठ, त्यामागचं पान, सगळ्यांच्या रेघा एकमेकींवरून जातात आणि एकही खोडलेली नसते. वास्तुविशारदाच्या टेबलावर ट्रेसिंग पेपरचे थर असतात. तळमजल्याच्या आराखड्यावर वरच्या मजल्याचा आराखडा ठेवायचा आणि खालची भिंत वरच्या भिंतीला जुळते का ते पाहायचं. मॅकिन्टॉश फुलाच्या बाबतीत तेच करतो. त्याला फूल एका बाजूनं कसं दिसतं एवढ्यावर समाधान नाही. पान देठाला नेमकं कुठे बसतं, कळीचा भार देठ कसा पेलतो, पाकळ्या कोणत्या क्रमानं एकमेकींवर चढतात, हे त्याला हवं आहे. म्हणून काही कागदांवर मुख्य चित्राच्या बाजूला तो फुलाचा एखादा भाग सुटा, मोठा करून काढतो, जसा इमारतीच्या नकाशाशेजारी दाराच्या चौकटीचा किंवा पायरीचा तपशील काढतात.

वनस्पतिशास्त्राची चित्रंही फुलाचे भाग सुटे करून दाखवतात. पण तिथे हेतू ओळख पटवण्याचा असतो. एका जातीचं फूल दुसऱ्या जातीपासून वेगळं काढता यायला हवं. त्यासाठी चित्रकार त्या जातीचं सरासरी, निर्दोष रोप काढतो. मॅकिन्टॉशला जात ठरवायची नव्हती. त्याचं रोप एक विशिष्ट रोप आहे, कुणीतरी त्या दिवशी तोडून आणलेलं, एक पान वाकलेलं, एक कळी न उमललेली. शास्त्राची शिस्त आणि एकाच रोपाशी जडलेली ओढ, या दोन्ही गोष्टी एका कागदावर क्वचितच भेटतात.

ही चित्रं तैलरंगात का नाहीत, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, कारण युरोपात फुलांचं चित्र म्हटलं की दोन-तीनशे वर्षं तैलरंगच डोळ्यांपुढे येत असे. तैलरंगात रंगाची पूड जवसाच्या तेलात घोटतात. हे तेल उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं, आणि त्याला दिवसच्या दिवस लागतात. म्हणून चित्रकाराला सवड मिळते. एक थर वाळू द्यायचा, त्यावर पातळ दुसरा थर चढवायचा, चुकलं तर झाकून टाकायचं. हॉलंडच्या चित्रकारांनी याच सवडीचा फायदा घेतला. त्यांच्या भरगच्च फुलदाण्यांत वसंतातला ट्युलिप आणि उन्हाळ्यातला गुलाब शेजारी शेजारी फुललेले दिसतात. खऱ्या फुलदाणीत ते कधीच एकत्र येणार नाहीत. चित्रकार ज्या ऋतूत जे फूल मिळेल ते त्या ऋतूत रंगवून ठेवत असे. यान व्हान हाउसुम या अठराव्या शतकातल्या चित्रकारानं तर, पिवळा गुलाब मिळाला नाही म्हणून चित्र पुरं करता आलं नाही, असं आपल्या ग्राहकाला कळवलं होतं. ही चित्रं अप्रतिम आहेत, पण ती फुलांची स्वप्नं आहेत.

जलरंगाची गोष्ट उलटी. इथे पूड बाभळीच्या जातीच्या झाडाच्या डिंकात मिसळलेली असते, पाणी उडालं की रंग मिनिटांत वाळतो. तो झाकत नाही. खालची रेघ, खालचा कागद त्यातून दिसत राहतो. पांढरा रंग वेगळा लावायचा नसतो, कागदच पांढरा. चूक लपवायला जागा नाही. रेघांचं जाळं दाखवत राहायचं असेल तर तैलरंग निरुपयोगी, कारण तो सगळं पोटात घेतो. शिवाय वास्तुविशारदांना जलरंगाची सवय असायची. इमारतीचे नकाशे आणि दर्शनी चित्रं याच रंगांत रंगवून ग्राहकापुढे ठेवत. कुरणातून आणलेलं फूल कोमेजायच्या आत ही सगळी करामत पुरी करायची, तर दुसरं साधन नव्हतंच. या साधनाची एक किंमत मोजावी लागते : उजेडानं जलरंग उडतात, म्हणून अशी चित्रं संग्रहालयात बहुतेक काळ अंधाऱ्या कपाटांत ठेवतात आणि पाळीपाळीनं थोडे दिवस बाहेर काढतात.

खालच्या त्या छोट्या चौकटीकडे परत येतो. तिच्यात नाव, गाव, साल यांच्याबरोबर काही आद्याक्षरं आहेत. मॅकिन्टॉशची आद्याक्षरं समजण्यासारखी आहेत, ती सही. पण शेजारी मार्गारेटचीही आहेत. कधी कधी इतर कुणाचीही असतात, चित्र काढताना जे सोबत बसले होते त्यांची. मार्गारेटनं या चित्रांत किती रंग भरला यावर अभ्यासक वाद घालत आले आहेत. मला वाटतं, ती अक्षरं सहीपेक्षा साक्ष म्हणून वाचावीत : हे फूल आम्ही दोघांनी, या गावी, या वर्षी पाहिलं. मार्गारेट स्वतः मोठी कलावंत होती, गेसो या प्लास्टरसारख्या लेपाच्या उठावकामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि आपल्यात बुद्धी असेल पण प्रतिभा मार्गारेटमध्ये आहे, असं तिचा नवरा मोकळेपणी मानत असे. एरवी नकाशाच्या कोपऱ्यात वास्तुविशारद कामाचं नाव, जागा आणि तारीख लिहिण्यासाठी चौकट आखतो. त्या कोरड्या चौकटीत त्यानं बायकोचं नाव घातलं, ही गोष्ट मला या चित्रांतली सगळ्यात हृद्य गोष्ट वाटते.

वॉल्बर्स्विक सुटल्यावर १९१५ मध्ये दोघं लंडनच्या चेल्सी भागात आली. ग्लीब प्लेसवर लहान स्टुडिओ घेतले. इथे मराठी वाचकाला ओळखीचा एक माणूस गोष्टीत येतो : पॅट्रिक गेडिस. हाही स्कॉटिश, शिक्षणानं वनस्पतिशास्त्रज्ञ, डंडीच्या कॉलेजात त्याच विषयाचा प्राध्यापक, आणि पुढे नगररचनेचा द्रष्टा. लंडनला त्यानं भरवलेल्या उन्हाळी वर्गांना मॅकिन्टॉश दांपत्य जात असे, आणि त्या सुमारास मॅकिन्टॉशनं कमानींच्या ओळी असलेल्या रस्त्याच्या दर्शनी भागाची काही रेखाटनं गेडिससाठी केली. ती भारतातल्या एखाद्या शहरासाठी असावीत असं मानलं जातं. ती कागदावरच राहिली. गेडिस मात्र भारतात आला, होळकरांच्या इंदूर दरबारासाठी १९१८ मध्ये नगररचनेचा प्रसिद्ध अहवाल दिला आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राच्या विभागाचा पहिला प्राध्यापक झाला. शहर झाडासारखं वाढतं, त्याची मुळं न तोडता छाटणी करावी, हा त्याचा आग्रह होता. झाडाकडे रचना म्हणून पाहणारा आणि रचनेकडे झाड म्हणून पाहणारा, अशी दोन स्कॉटिश माणसं लंडनच्या एका उन्हाळ्यात एकत्र बसली होती. एखादा ग्राहक मिळता तर आपल्याकडच्या एखाद्या शहरात मॅकिन्टॉशच्या कमानी उभ्या राहिल्या असत्या.

लंडनमध्ये इमारतींची कामं फारशी मिळाली नाहीत. नॉर्दम्प्टनमधलं डर्नगेट रस्त्यावरचं एक घर त्यानं १९१६-१७ मध्ये आतून पूर्ण पालटून टाकलं. चेल्सीत कलावंतांसाठी स्टुडिओंच्या इमारती आखल्या, नाटकगृह आखलं. त्यातलं जवळपास सगळं नकाशातच राहिलं. घर चालवलं ते फुलांनी. फॉक्स्टन आणि सेफ्टन या कापड कंपन्यांसाठी त्यानं शंभराहून अधिक नक्षी काढल्या, त्यांत ट्युलिप, गुलाब, पानं, लाटा, सगळं आलं. त्याच वेळी त्यानं फुलदाणीतल्या फुलांची मोठी जलरंगचित्रं काढायला घेतली : अ‍ॅनिमोनी, बिगोनिया, पिओनी, पिवळे ट्युलिप. ही चित्रं प्रदर्शनात मांडून विकण्यासाठी होती, आणि त्यांचा बाज वॉल्बर्स्विकच्या कागदांपेक्षा वेगळा आहे. कोरा कागद गेला. फुलांमागे आता आरसा आहे, पडदा आहे, त्याच्याच नक्षीचं कापड आहे. ‘अ‍ॅनिमोनी’मध्ये खरं फूल आणि नक्षीतलं फूल एकमेकांना इतकं चिकटून येतं की एक कुठे संपलं हे शोधावं लागतं. रंग दाट, कडा धारदार. मला स्वतःला वॉल्बर्स्विकची चित्रं जास्त आवडतात; चेल्सीच्या चित्रांत बाजाराकडे एक डोळा असल्याचं जाणवतं. तरीही तिथली रचना पाहताना वाटतं की या माणसानं खोली बांधायला मिळत नाही म्हणून कागदावर खोली बांधली आणि तिच्यात फुलं राहायला आणली.

विक्री बेताचीच झाली. १९२३ मध्ये दोघं स्वस्ताई आणि ऊन शोधत दक्षिण फ्रान्सला गेली, आणि आता मॅकिन्टॉश खऱ्या अर्थानं परदेशी झाला. अमेली-ले-बँ इथे त्यानं मिमोसा रंगवला, माँ-लुई या डोंगरी गावात १९२५ मध्ये मिश्र फुलांचं चित्र काढलं. नंतर स्पेनच्या हद्दीजवळच्या पोर-व्हाँद्र बंदरात ती दोघं एका साध्या हॉटेलात राहिली. तिथे फुलं मागे पडली. खडक, किल्ले, बंदराच्या भिंती, उतरत्या छपरांची गावं कागदावर आली. ढगांची किंवा माणसांची त्याला गरज वाटली नाही. डोंगराच्या कातळाचे पापुद्रे तो तशाच कडक रेघेनं उलगडत राहिला. एकेका चित्राला आठवडे लागत, वारा सुटला की काम बंद. पन्नास चित्रं झाली की लंडनला प्रदर्शन भरवायचं त्यानं मनाशी धरलं होतं. १९२७ च्या उन्हाळ्याआधी मार्गारेट उपचारांसाठी लंडनला गेली तेव्हा त्यानं तिला जवळजवळ रोज पत्रं लिहिली; कुठला रंग बसला, कुठला बसला नाही, जेवायला काय होतं, तिच्याविना दिवस कसा जातो, सगळं त्यांत आहे.

चाळीसेक चित्रं झाली होती तेव्हा त्याच्या जिभेला कर्करोग असल्याचं निघालं. त्याच वर्षी ती दोघं लंडनला परतली. १० डिसेंबर १९२८ रोजी तो गेला. मार्गारेट जानेवारी १९३३ मध्ये गेली, आणि तेव्हा स्टुडिओतल्या सामानाची मोजदाद झाली. खुर्च्या, नकाशे, चित्रांच्या पेट्या, फुलांचे कागद, सगळं धरून किंमत आली नव्वद पौंडांच्याही आत. त्याच वर्षी मे महिन्यात ग्लासगोत स्मृतिप्रदर्शन भरलं आणि काही चित्रं लोकांनी विकत घेतली. विल्यम डेव्हिडसन या त्याच्या जुन्या ग्राहकानं, ज्याचं घर त्यानं तीस वर्षांपूर्वी बांधलं होतं, उरलेलं सामान सांभाळून ठेवायची जबाबदारी उचलली. १९४० च्या दशकात ते ग्लासगो विद्यापीठाकडे आलं. आज विद्यापीठाच्या हंटेरियन संग्रहालयात कलाशाळेचे नकाशे, चहाघरांच्या खुर्च्यांची रेखाटनं आणि वॉल्बर्स्विकची फुलं एकाच छपराखाली आहेत, आणि अभ्यासकाला आधी वेळ ठरवून ती मागवता येतात.